चांदबीबी कोणाच्या बाजूची?

दहावी-अकरावीच्या मुलांना ऐतिहासिक कादंबरीत लढाईपेक्षा कारस्थान जास्त आवडतं. कोण कोणाच्या कानाला लागलं, खलिता कोणाच्या हाती पडला. त्या वयाला ते शोभतंही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडच्या अशा अनेक पुस्तकांत दरबार मुसलमानी असला की कारस्थानाला कारणच लागत नाही. सरदाराने डोळे बारीक केले, दाढी कुरवाळली, झालं. उर्दूतही फार बरं नाही. आमची पिढी नसीम हिजाजींवर वाढली. तिथे नायक निर्दोष आणि पराभव होतो तो गद्दारामुळे. दोन्हीकडे वाचणाऱ्याला डोकं चालवायचं काम उरत नाही.

आता अहमदनगरची १५९५ सालची हकीकत घ्या. इब्राहिम निजामशाह विजापूरकरांशी लढताना मारला गेला. मुलगा बहादूर अगदी लहान. दरबारात दखनी आणि हबशी असे गट. बघता बघता गादीला चार दावेदार झाले. मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला, तर तो राजघराण्यातला नाहीच अशी बोंब उठली. इखलासखान हबशाने कोंडी केली तेव्हा मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याच्याकडे मदत मागितली. आणि मदत पोचायच्या आत हबशांचा पराभव त्याने स्वतःच केला! पण मुघल फौज तर निघालेली. बोलावलेला पाहुणा परत कसा पाठवायचा? मग हाच माणूस विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणायला बाहेर पडला. गद्दार म्हणायचं त्याला, की घाबरून चुकीचं दार ठोठावलेला वजीर? एवढ्यावर कादंबरीची शंभर पानं सहज होतील.

चांदबीबीने तटाला पडलेलं खिंडार रातोरात बुजवलं, हे सगळे सांगतात. पुढचं फार थोडे सांगतात. १५९६ मध्ये तिने वऱ्हाड देऊन तह केला. १६०० मध्ये मुघल पुन्हा आले तेव्हा किल्ला टिकणार नाही हे तिला दिसत होतं. बहादूरचा आणि आतल्या लोकांचा जीव वाचत असेल तर बोलणी करावीत, असं तिचं मत पडलं. हमीदखानाने आवई उठवली, बेगम मुघलांना फितूर झाली. जमाव आत घुसला आणि तिला मारून टाकलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

बोलण्यांचा विचार खरा होता, फितुरी खोटी. अशा अर्ध्या खऱ्या बातमीने माणूस कसा मरतो, हे आजच्या मोबाइलवाल्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. वर्गात हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "सर, मग ती आपल्या बाजूची होती की त्यांच्या?" मी म्हटलं, आपली बाजू कुठली ते आधी सांग. वेढा घालणारा शाहजादा मुसलमान, किल्ल्यातली बेगम मुसलमान, तिला मारणारेही बहुतेक तेच. पोरगा गप्प झाला, बाकीची कुजबुजायला लागली. वाचताना मुलांची अशीच पंचाईत व्हायला हवी.

मराठीला हे जमत नाही असं नाही. रणजित देसाईंच्या 'स्वामी'तले राघोबादादा पुतण्याविरुद्ध उभे राहतात, तरी वाचकाला त्यांचा पुरता राग येत नाही. एवढीच माया मियाँ मंजूच्या वाट्याला आली तर कुठे बिघडलं?

सामग्रीही हाताशी आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात निजामशाही काळातली 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र फारसी पोथी आहे. चित्रांत हुसेन निजामशाहाजवळ त्याची बेगम, म्हणजे चांदबीबीची आई खुंजा हुमायूँ, बसलेली होती. नवऱ्यामागे तिने कारभार हाती घेतला, पुढे मुलानेच तिला कैदेत टाकलं. आज त्यातल्या बऱ्याच चित्रांत तिच्या जागी नुसता रंग फासलेला दिसतो. निजामशाहीवर मुलांसाठी लिहायला बसणाऱ्याने आधी ती पानं बघून यावीत.