काट्याला माल कळत नाही

गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे रक्तदान शिबिर झाले. नाव नोंदवणाऱ्यांत मी तिसरी होते आणि परत पाठवलेल्यांत पहिली. वजनकाट्यावर उभी राहिले, काट्याने ४१ किलो दाखवले, आणि टेबलामागच्या डॉक्टरीणबाईंनी मान न उचलता सांगितले, "पंचेचाळीसच्या आत घेता येत नाही. पुढची." आकडा मात्र त्यांच्या मदतनिसाने मोठ्याने उच्चारला होता. रांगेतली मुले हसली. माझ्या मागे माझी मैत्रीण होती. तिची आणि माझी उंची एकच, १५२ सेंटिमीटर. बाकावरही आम्ही शेजारीच बसतो. तिचा आकडा निघाला ५८. तेव्हा मुले जास्त हसली. तिचे रक्त घेतले, पण ती घरी गेली ती रडवेली होऊनच.

मित्रमैत्रिणींनो, हा लेख मी तिच्या परवानगीने लिहीत आहे. एकाच उंचीच्या दोन मुली, दोघींमध्ये सतरा किलोंचे अंतर, आणि दोघींनाही वाटते की आपलेच काहीतरी चुकले आहे. मग बरोबर वजन कोणते? जिमखान्याच्या भिंतीवर पिवळा पडलेला एक तक्ता आहे. इंच-पौंडांतला. त्यात लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन रकाने आहेत. आम्ही दोघी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. आपला बांधा कोणता हेच ठरेना, तर वजन कुठले कळणार!

म्हणून या तक्त्यांचे मूळ शोधले. या धर्तीचे तक्ते प्रसिद्ध केले ते अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने, प्रथम १९४२-४३ साली. पुढे १९५९ आणि १९८३ साली ते सुधारले गेले. कंपनीला आरोग्याची काळजी होती ती हिशेबाची होती. कोणत्या वजनाचे विमेदार लवकर मरतात आणि कोणाचे हप्ते जास्त वर्षे येत राहतात, हे तिला हवे होते. म्हणजे ज्यांना विमा परवडत होता अशा गोऱ्या साहेबांच्या आणि मडमांच्या वजनावरून हे आकडे निघाले. १९५९ च्या तक्त्यात तर अंगातले कपडे वजनात आणि टाचांचे बूट उंचीत धरलेले आहेत. बायकांची टाच दोन इंची. आमच्या गावात दोन इंची टाच घालून कोणी शेतात गेले तर ती टाच तिथेच राहील. गंमत म्हणजे लहान-मध्यम-मोठा असे रकाने पाडले, पण बांधा मोजायचा कसा हे सुरुवातीच्या तक्त्यांत सांगितलेच नव्हते. ज्याने त्याने आरशात पाहून ठरवावे. १९८३ मध्ये कोपराच्या हाडाची रुंदी मोजण्याची रीत दिली, तोवर चाळीस वर्षे उलटून गेली होती.

खरे तर बांध्याच्या बाबतीत आपली भाषा त्या तक्त्यापेक्षा श्रीमंत आहे. शेलाटी, सडपातळ, लहान चणीची, काटक, उफाड्याची, आडव्या अंगाची, दुहेरी हाडाची. आणि जत्रेतला कासार तर हात हातात धरल्याबरोबर "दोन-चार" किंवा "दोन-सहा" म्हणून मोकळा होतो. दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच, बांगडीच्या आतल्या व्यासाचे. मला वाटले, हे छान मोजमाप सापडले. पण बांगडी मनगटावर बसत असली तरी जाते पंजातून. माझा हात दोन-चारचा आणि माझ्यापेक्षा बुटक्या, बारीक आईचा दोन-आठचा, कारण तिचा पंजा खुरप्याने रुंदावलेला आहे. तेव्हा कासाराचा नाद सोडला. शिवाय "माझी हाडेच जड" म्हणून आपण जे समाधान करून घेतो, त्यातही फारसा दम नाही. सबंध सांगाडा शरीराच्या वजनाच्या साधारण पंधरा टक्के. पन्नास किलोंच्या माणसात सात-साडेसात किलो. एखाद्याची हाडे त्याहून पाचव्या हिश्शाने जड मानली, तरी फरक दीड किलोचा. बांध्याने काही किलो इकडे-तिकडे होतील, सतरा होणार नाहीत.

मग उंचीवरून हिशेब करावा. सर्वांत सोपा आडाखा फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावावर सांगतात: सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा. आम्हा दोघींना ५२ किलो. तोंडी करता येतो हाच त्याचा मोठा गुण. दुसरा हिशेब आता सगळीकडे चालतो. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हा वर्गाचा संबंध एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदॉल्फ केतले यांनी दाखवला. ते ज्योतिर्विद आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोणाला बारीक करायचे नव्हते. अमेरिकेतल्या अँसल कीज यांनी १९७२ साली या भागाकाराला आजचे इंग्रजी नाव दिले, ज्याची बीएमआय ही अक्षरे दवाखान्याच्या कागदावर असतात. कीज यांनी तपासलेले सात हजारांहून अधिक लोक सगळे पुरुष होते. एकही बाई नव्हती.

आमचा हिशेब असा. १.५२ चा वर्ग २.३१. माझे ४१ भागिले २.३१ म्हणजे पावणेअठरा. मैत्रिणीचे ५८ भागिले २.३१ म्हणजे पंचवीसच्या किंचित वर. जागतिक आरोग्य संघटना १८.५ ते २५ या पट्ट्याला ठीक म्हणते. मात्र आशियाई लोकांत कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून २००४ साली तिच्या तज्ज्ञांनी २३ पासूनच सावध राहायला सांगितले आणि भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये वरची रेषा २३ वर आणली. आता उलटा गुणाकार करा. २.३१ गुणिले १८.५ म्हणजे पावणेत्रेचाळीस किलो. २.३१ गुणिले २३ म्हणजे ५३ किलो. तेव्हा १५२ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे वजन ४३ पासून ५३ पर्यंत कुठेही असू शकते. दहा किलोंची ऐसपैस जागा! लहान चणीची असेल तर खालच्या टोकाकडे, आडव्या अंगाची असेल तर वरच्या. हा हिशेब वाढ पुरी झालेल्यांसाठी आहे. अकरावीतल्या भावाबहिणींवर तो लावू नये.

इथेच लेख संपला असता. पण मधे बाजार समितीतला भुईकाटा आठवला. ट्रॅक्टर भरलेला उभा करतात, मग रिकामा. वजाबाकी होऊन कांद्याचे क्विंटल कळतात. कांदा लाल आहे की सडका, हे भुईकाट्याला कळत नाही. त्यासाठी व्यापारी ढिगात हात घालतो. माणसाच्या काट्यालाही माल कळत नाही. चरबी किती, स्नायू किती, हाड किती, पाणी किती, सगळे एकाच आकड्यात.

याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे 'लॅन्सेट'मध्ये छापली. दोघांचा तो भागाकार अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच दिसले. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला रोड, आतून चरबीदार. अशी बाळे जन्मतात ती बव्हंशी अर्धपोटी आयांच्या पोटी, आणि म्हणूनच मुलीचे वजन हा केवळ तिचा खासगी प्रश्न मला वाटत नाही.

चरबी कुठे आहे हे बघायला यंत्र लागत नाही, सुतळी लागते. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, मधोमध दुमडा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर पोटाभोवती गुंडाळा. टोके जुळली तर बरे, न जुळली तर पोटाकडे लक्ष द्या. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर अशीही मर्यादा सांगतात. मैत्रिणीची सुतळी जुळली, वर दोन बोटे उरली. ती कबड्डी खेळते. तिच्या मांड्या-पोटऱ्या आपण सगळ्यांनी मैदानावर कौतुकाने पाहिल्या आहेत. तिच्या अठ्ठावन्नात कबड्डीचा वाटा किती आहे, हे काट्याने सांगितले नाही आणि हसणाऱ्यांनी विचारले नाही. मग तिने काय केले? सकाळी लिंबूपाणी आणि दुपारी उपास, असे बारा दिवस केले आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीत चक्कर येऊन पडली. वजन उतरले होते तीन किलो, त्यातले दोन आठवड्यात परत आले, कारण ते बरेचसे पाणीच होते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला ५३ चा ध्यास सोडायला सांगितला. जादा वजन शंभरात पाचाने उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांना गुण येतो. तिला ते तीन किलोंहूनही कमी पडते, आणि तेही सावकाश, जेवून-खेळून.

कुस्तीगिराची गोष्ट वेगळी. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगट ५० किलोंच्या अंतिम लढतीआधी शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. तो गटाचा आकडा होता, तब्येतीचा नव्हे. मुलगी लग्नाला उभी राहिली की तिच्यावर लादतात तोही असाच गटाचा आकडा.

आणि माझा पंचेचाळीस? तोही माझ्या तब्येतीचा नाही, पिशवीचा आहे. साडेतीनशे मिलिलिटरच्या पिशवीसाठी ४५ किलो, साडेचारशेच्या पिशवीसाठी ५५. इतके रक्त काढले तरी बाधू नये म्हणून. हे कळल्यावर माझा राग बराचसा गेला. पण त्याच रुग्णालयात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन निघाले १०.४. रक्तदानाला साडेबारा लागते. म्हणजे मी त्या दिवशी पदरात दगड बांधून पंचेचाळीस भरले असते, तरी परतच आले असते. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. वजन कमी असलेल्या १८.७ टक्के आणि जास्त असलेल्या २४ टक्के. आमचा बाक म्हणजे त्या पाहणीचा छोटा नमुनाच.

रोड का, हे शोधायला पुस्तक लागले नाही. माझी एसटी सहा-दहाची. चहा पिऊन निघते, तास सुटतात साडेबाराला, पहिला घास दीडला. रात्री आधी वडील-भाऊ जेवतात, मग उरले ते आई आणि मी. हे वाढणे-उरणे आमच्या घरी कोणी ठरवलेले नाही, ते आहेच. आमच्याकडे बाईला काट्यावर चढवतात दोनदा: अंगणवाडीत झोळीत घालून, आणि पुढे दिवस गेले की. मधल्या वीस वर्षांत तिचे वजन कोणाला लागत नाही. मी आईला धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभे केले. ३८ किलो. आई हसून म्हणाली, "युरियाच्या गोणीपेक्षा हलकीच भरले की गं मी!" युरियाची गोणी पंचेचाळीसची. रोजंदारीवर ती अशा गोण्यांना हात लावते.

वजन वाढवण्याचे डबे बाजारात मिळतात, त्यांची किंमत आईच्या कित्येक दिवसांच्या रोजाइतकी. ते घेतले नाहीत. शेंगदाणे-गूळ पिशवीत ठेवते, तासांच्या मधल्या सुट्टीत भाकरी खाते, आठवड्याला चार अंडी आणि लोहाच्या गोळ्या. आईला माझ्याबरोबरच ताटावर बसवते. ती अजून दोनदा उठते. वजन महिन्यातून एकदाच करते, सकाळी, अनशापोटी, त्याच काट्यावर, कारण दिवसभरात एक-दीड किलो इकडे-तिकडे होतेच. फेब्रुवारीत माझे वजन ४३.६ आणि हिमोग्लोबिन ११.८ आहे. पट्ट्यात आले. पिशवी अजून लांब आहे.

प्राचार्य आणि जिमखाना प्रमुख यांना माझी एक विनंती आहे. प्रवेशाच्या वेळी आपण शाळा सोडल्याचा दाखला बघता, तशी वर्षातून एकदा प्रत्येकाची उंची, वजन, सुतळी आणि हिमोग्लोबिन बघावे. आकडा उच्चारू नये, चिठ्ठीवर लिहून हातात द्यावा. पहिल्या तासानंतरची सुट्टी दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटांची करावी, म्हणजे पहाटेच्या एसटीने येणाऱ्यांना डबा उघडता येईल. आणि भिंतीवरचा तो पिवळा तक्ता काढावा. काढताना खिळा तेवढा राहू द्या. काट्यापुढे पडदा लावायला तो लागेल.