घड्याळ कोणाच्या हाती?

विमान नेमके केव्हा पोहोचले? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरासाठी युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत जावे लागले. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गहून जर्मनीतील कोलोन-बॉन येथे आलेल्या जर्मनविंग्ज कंपनीच्या एका विमानाची चाके धावपट्टीला टेकली, तेव्हा विलंब २ तास ५८ मिनिटांचा होता. विमान जागेवर उभे राहिले तेव्हा ३ तास ३ मिनिटे झाली होती. दरवाजा त्यानंतर उघडला. तीन तास विलंब झाला की प्रवाशाला भरपाई मागण्याचा हक्क मिळतो. तेव्हा चाके टेकली तोच पोहोचण्याचा क्षण, असे कंपनीने सांगावे यात नवल ते काय!

४ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. बंद विमानातील माणूस कंपनीच्या ताब्यात असतो. आपला कामधंदा, घरसंसार, गाठीभेटी यांना तो मोकळा नसतो. म्हणून किमान एक दरवाजा उघडून त्याला उतरता येईल, तोच पोहोचण्याचा क्षण. कालमापनाचा मान यंत्राकडून माणसाकडे नेणारा हा निवाडा आहे.

वक्तशीरपणाची आकडेवारी मात्र अद्याप यंत्राचीच आहे. अमेरिकेच्या सरकारी हिशेबात नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान ‘वेळेवर’ ठरते. त्यातच कंपन्या वेळापत्रकात प्रवासाचा अवधी आधीच वाढवून ठेवतात. मग रखडलेले विमानही कागदावर वक्तशीर! शिवाय मोजदाद विमानांची होते, माणसांची नव्हे. अर्ध्या तासाच्या विलंबाने पुढचे विमान चुकून एखाद्याची रात्र विमानतळावरील बाकावर गेली, तरी नोंद अर्ध्या तासाचीच.

ही श्रीमंतांची गाऱ्हाणी आहेत, असे म्हणून प्रश्न झटकता येणार नाही. कोकणातून आखातात मजुरीला जाणारा कामगारही विमानानेच जातो, आणि बुडालेल्या दिवसाची झळ त्यालाच अधिक बसते. भारतातही विलंबाचा हिशेब दरवाजा उघडेपर्यंतचा, अंतिम मुक्कामापर्यंतचा आणि प्रवाशागणिक झाला पाहिजे; नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो जाहीर केला पाहिजे. माप ज्याच्या हाती, त्याच्याच सोयीने धान्य मोजले जाते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. वेळेच्या मापालाही तोच न्याय लागू आहे.