पट्टा सिंगापुरातच का राहतो?

रॅफल्स प्लेसहून टॅक्सीत बसलो की मागच्या सीटवरही माझा हात आपोआप पट्ट्याकडे जातो. इथे मागे बसणाऱ्यालाही तो सक्तीचा. दंडाच्या धाकाने का होईना, अंगवळणी पडला. पण डिसेंबरात मुंबईला उतरलो की आपण ही सवय विमानतळावरच सोडतो. मीही सोडली होती. भाड्याच्या गाडीत बकल सीटच्या कव्हराखाली दडलेले. “मागं लागत नाही, साहेब,” असे चालक म्हणाला आणि मी मान डोलावली. मांडीवर लेक झोपली होती.

चालकाचे चुकले होते. भारतातही मागच्या प्रवाशाला पट्टा बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते; पोलिसांच्या म्हणण्यानुसार पट्टा नव्हता. गाडी आदळून थांबते, आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. मांडीवरचे मूल अशा वेळी कोणाच्याही हातात राहत नाही.

तेव्हा मंडळी, गाडी ठरवतानाच कव्हर काढून पट्टे वर काढायला सांगा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी इथे घेतलेली बूस्टर सीट सोबत न्या. आणि मध्यरात्री उतरून लगेच घाट गाठू नका. आपल्या शरीराच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे अडीच वाजलेले असतात, चालकही दिवसभराचा दमलेला.

नातेवाईक हसतात. गेल्या खेपेस मेहुणे “आले सिंगापूरकर!” म्हणाले, आणि मग स्वतःच्या गाडीतले बकल शोधू लागले. दहा मिनिटे लागली.