ऑनसाइट आलेला ब्रदर

'इटालियन' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पास्ता, पिझ्झा, आणि कॉफीच्या यादीतली ती नावं, जी ऑर्डर करताना आपण हळूच बोट दाखवून काम भागवतो. जुहूच्या कुठल्याही गल्लीत हे सगळं मिळतं. पण इटालियन माणसांनी या शहरात आणखीही काही ठेवलंय. ते मेन्यूकार्डावर नाही, त्याला तिकीट नाही. बघण्यासाठी फक्त मान वर करावी लागते.

सुरुवात जुहूपासूनच करू. इथलं सेंट जोसेफ चर्च १८५३ सालचं. 'पोर्तुगीजांनी बांधलंय' असं सांगून आपण मोकळे होतो. पण जरा हिशोब करा. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि या भागातलं पोर्तुगीजांचं राज्य आटोपलं. म्हणजे चर्च उभं राहिलं ते त्यानंतर तब्बल ११४ वर्षांनी! साष्टीतली चर्चेस मात्र पुढेही गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत राहिली, म्हणून 'पोर्तुगीज' हे लेबल चिकटलं ते चिकटलंच. जुहू तेव्हा एक चिंचोळं बेट होतं. ओहोटीला खाडी चालत ओलांडायची, भरतीला घरी बसायचं. वस्ती कोळी, भंडारी, आगरी, कुणब्यांची. अशा ठिकाणचं चर्च म्हणजे गावाचं चर्च. जे राहतात, त्यांच्यासाठी.

परदेशात गेलेल्या इटालियन लोकांनीही नेमकं हेच केलं. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये ११५ व्या रस्त्यावर माउंट कार्मेलच्या मदर मेरीचं चर्च आहे, १८८४ चं. दिवसभर मजुरी करून थकलेली इटालियन माणसं रात्री इथे फुकट खोदकाम करायला यायची. आणि चर्च पूर्ण झाल्यावर? त्यांना प्रार्थनेसाठी तळघरात बसवलं गेलं. वरचा मजला इतरांचा. 'वर' यायला १९१९ साल उजाडलं. नव्या शहरात स्वतःची जागा मिळवणं म्हणजे काय असतं, हे पीजीमध्ये राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मुंबईत मात्र इटालियन मोहल्ला कधी वसलाच नाही. इथे आले ते मिशनरी. १७२० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने गोव्याशी इमान राखणाऱ्या पाद्रींना मुंबई बेटावरून हलवलं आणि थेट रोमच्या हुकमतीतल्या कार्मेलाइट पाद्रींना आणलं. कारण धार्मिक कमी, राजकीय जास्त. त्या कार्मेलाइटांमध्ये इटालियन बरेच. तेव्हापासून ही ये-जा सुरू राहिली. फरक एवढाच, की या लोकांनी जे उभारलं ते स्वतःच्या गाववाल्यांसाठी नव्हतं. ते दुसऱ्यांसाठी होतं.

त्यातलाच एक म्हणजे आपला हीरो, ब्रदर अँटोनिओ मोस्केनी. जन्म १८५४, बर्गामोजवळच्या स्तेझ्झानो गावात. बर्गामोच्या कारारा अकादमीत चित्रकला शिकला. करिअर चांगलं चाललेलं असताना १८८९ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. फादर नव्हे, ब्रदर. म्हणजे मिस्सा न देणारा, हाताने काम करणारा. त्याच्या हातात ब्रश होता. १८९८ च्या अखेरीस त्याला 'ऑनसाइट' पाठवलं गेलं, थेट मंगळूरला. तिथल्या सेंट अलॉयशियस कॉलेजचं चॅपल त्याने दोनेक वर्षांत भिंतीपासून छतापर्यंत रंगवून काढलं. आजही लोक तिथे मान दुखेपर्यंत वर बघत उभे राहतात.

मग पुढची असाइनमेंट मुंबई. कुलाब्यात होली नेम चर्च बांधलं जात होतं. आर्किटेक्ट इंग्रज, डब्ल्यू. ए. चेंबर्स. घाट गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, दोन उंच मनोरे, रंगीत काचा. १९०५ मध्ये ते तयार झालं. पण बाहेरचा दगड बघून आत शिरलात की मूडच बदलतो. आतली भित्तिचित्रं मोस्केनीची. बाहेर लंडन, आत इटली, आणि बाकांवर सगळी मुंबई.

आता थोडं तंत्र. फ्रेस्को म्हणजे भिंतीवर सरळ रंग फासणं नव्हे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेतो, त्याचं दगडासारखं कवच बनतं आणि रंग त्यातच कैद होतो. म्हणून तो शतकभर टिकतो. अट एकच. आज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा आज लावायचा. गिलावा वाळला की वेळ संपली. चुकलं तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हा पहिल्यापासून. ना 'अनडू', ना एक्स्टेन्शन. डेडलाइन-डेडलाइन करत फिरणाऱ्या आपल्यासारख्यांनी या माणसाला एक सलाम ठोकायलाच हवा.

मुंबईनंतर मोस्केनी कोचीला गेला. मंगळूरचा त्याचा शिष्य द गामा सोबत होता. सांताक्रूझ कॅथीड्रलचं काम चालू होतं. तिथेच नोव्हेंबर १९०५ मध्ये त्याचा मृत्यू झाला, चर्चच्या अभिषेकाला जेमतेम काही दिवस उरले असताना. वय ५१. भारतात जेमतेम सात वर्षं. बर्गामो पुन्हा दिसलं नाही.

त्याच वाटेने आले सेल्शियन फादर. तोरीनोच्या डॉन बॉस्कोचे हे अनुयायी १९०६ मध्ये भारतात आणि १९२८ मध्ये मुंबईत पोचले. १९३७ मध्ये आले फादर ऑरेलिओ मास्किओ, वय तिशीच्या आत. तीन वर्षांत इटली महायुद्धात उतरला आणि भारतातले कितीतरी इटालियन मिशनरी रातोरात 'शत्रू देशाचे नागरिक' ठरून नजरकैदेत गेले. कालपर्यंत शाळेत शिकवणारा माणूस आज संशयित! तरीही युद्ध संपल्यावर कामं पुन्हा सुरू झाली. फादर मास्किओंनी देशोदेशी पत्रं पाठवून देणग्या जमवल्या, आणि १९५७ मध्ये माटुंग्याला डॉन बॉस्कोच्या मॅडोनाचं मंदिर खुलं झालं. हो, 'श्राइन'ला मंदिरच म्हणायचं. तोरीनोत डॉन बॉस्कोने ज्या रूपातल्या मेरीसाठी बॅसिलिका बांधली, तेच हे रूप, साहाय्य करणारी माता. आत संगमरवर, आणि बाहेर चपलांची रांग बघितलीत तर लक्षात येईल की इथे नवस बोलणाऱ्यांना त्यांचा धर्म कुणी विचारत नाही. फादर मास्किओ १९९६ मध्ये गेले, तोवर ते पक्के मुंबईकर झाले होते.

या रविवारी बीच आणि मॉल दोन्ही राहू द्या. आधी जुहूचं सेंट जोसेफ बघा. मग पार्ल्याहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बर लोकल पकडा, किंग्ज सर्कलला उतरा, माटुंग्याचं श्राइन बघा. पुन्हा त्याच लाइनने सीएसएमटी, तिथून कुलाबा. गंमत म्हणजे माटुंग्याचं श्राइन आणि कुलाब्याचं कॅथीड्रल, दोन्हींचा पत्ता 'नथालाल पारेख मार्ग'च आहे, तेव्हा टॅक्सीवाल्याला एरिया नीट सांगा. कुलाब्यात १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा भेट दिलेली घंटाही आहे. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा. फोटोसाठी आधी विचारा.

आपण सगळेच या शहरात कुठून तरी आलोय. कुणी नागपूरहून, कुणी सांगलीहून, कुणी कोकणातून. पॅकेज, प्रमोशन, पुढची कंपनी, मग बंगळूर किंवा बोस्टन. त्यात वाईट काही नाही. पण जाताना इथे काय ठेवून जाणार, हा प्रश्न अप्रेझलच्या फॉर्ममध्ये कधीच नसतो. मोस्केनीलाही तो कुणी विचारला नव्हता. तो रोज सकाळी उठायचा, त्या दिवसापुरता गिलावा लावायचा आणि तो वाळायच्या आत काम संपवायचा. कुलाब्याच्या त्या भिंती आजही तिथेच आहेत.