सुखतळा आणि निरोगी माणसाची चाल

पादत्राणाच्या आत तळव्याला लागून जो थर असतो त्यास मराठीत सुखतळा असे म्हणतात. ह्या नावात सुखाखेरीज दुसरे कोणतेही वचन नाही, आणि निरोगी, प्रौढ माणसाने सुखतळ्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे सांगण्याचे कारण असे की, आज मोठ्या शहरांतील काही दुकानांत ग्राहकाला यंत्रावर उभे करून त्याच्या पावलाचा रंगीत ठसा दाखविला जातो. ‘तुमची कमान बसली आहे, टाच आत कलते आहे’ असे त्यास ऐकविले जाते आणि चाल ‘सुधारणारा’ महाग सुखतळा त्याच्या हाती दिला जातो. त्या माणसाला तोपर्यंत कसलाही त्रास नसतो. दुकानातून बाहेर पडताना मात्र आपले पाऊल सदोष आहे ही शंका तो बरोबर नेतो.

मानवी पावलात २६ हाडे व ३३ सांधे आहेत. चालताना एका पायाच्या फेऱ्याचे शंभर भाग कल्पिले, तर सुमारे साठ भाग तो पाय जमिनीवर असतो व चाळीस भाग हवेत. प्रथम टाच टेकते. मग भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने चवड्याकडे सरकतो आणि शेवटी अंगठ्याच्या रेट्याने पाऊल उचलले जाते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या पावलावर ह्या अवधीत क्षणभर पासष्ट ते बहात्तर किलोंइतका भार येतो. टाच टेकल्यावर पाऊल किंचित आत कलते. ज्यास दुकानदार दोष म्हणतो तो बहुधा हाच कल होय. वस्तुतः धक्का पचविण्याची ती शरीराची रीत आहे. पुढे टाच उचलून बोटे वर वळली की तळव्याखालचा चिवट पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा चवड्याच्या हाडांभोवती ताणला जातो, कमान उंचावते आणि मऊ पाऊल ताठ तरफ बनते. ही यंत्रणा हिक्स ह्यांनी १९५४ साली स्पष्ट केली. क्षणापूर्वी लवचीक व क्षणानंतर ताठ होणाऱ्या अशा अवयवाला रबराच्या तुकड्याने ‘सरळ’ करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा.

सुखतळा काहीच करीत नाही असे मात्र नव्हे. तळव्याच्या आकाराशी जुळणारा सुखतळा भार अधिक क्षेत्रावर पसरवितो. त्यामुळे टाचेखालील दाब उतरतो. हे मोजता येते व त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो हाडांच्या हालचालींविषयी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच जणांच्या हाडांतच बारीक खिळे बसवून त्यांच्या धावण्याचे मापन करण्यात आले. सुखतळ्यांमुळे पडलेला फरक अल्प निघाला, आणि तोही सर्वांत एकाच दिशेचा नव्हता. पाच ही संख्या लहान खरी. पण हाडांत खिळे मारून घेण्यास किती जण पुढे येणार? कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग ह्यांनी २००१ साली असा विचार मांडला की, प्रत्येक शरीराची हालचालीची एक पसंतीची वाट असते आणि सुखतळा त्या वाटेच्या आड आला तर स्नायू अधिक श्रम करून तीच वाट राखतात. हा विचार वादातीत नाही, परंतु ठशावरून चाल दुरुस्त करण्याच्या कल्पनेपेक्षा तो मापनाशी अधिक जुळतो.

बाहेरची कड उंच केलेल्या सुखतळ्याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याने गुडघ्याच्या आतील बाजूवर येणारा ताण सरासरीने थोडा, सुमारे विसाव्या भागाइतका, घटतो. निरोगी माणसांतही तो घटतो. मग गुडघ्याच्या संधिवातावर त्याचा उपयोग व्हावयास हवा होता. ऑस्ट्रेलियात दोनशे रुग्णांवर बारा महिने हा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. साध्या सपाट सुखतळ्यापेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. यंत्रावर दिसणारा फरक आणि माणसाला होणारा लाभ ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रेते त्यांची गल्लत करतात.

निवड कशी करावी? निग ह्यांच्याच सहकाऱ्यांनी लष्करातील २०६ जणांना सहा प्रकारचे सुखतळे देऊन ज्याला जो सुखकर वाटेल तो निवडू दिला. सर्वांची निवड एक नव्हती, आणि असे सुखतळे वापरणाऱ्यांना सुखतळा न वापरणाऱ्यांपेक्षा दुखापती कमी झाल्या. म्हणजे येथे ठशापेक्षा तळव्याची साक्ष अधिक उपयोगी पडली.

भारतात तर अनवाणी चालणाऱ्या पावलांचा पुरावा हाताशी आहे. राव व जोसेफ ह्यांनी कर्नाटकातील २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले (१९९२). सपाट पाऊल पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत शेकडा ८.६, तर न वापरणाऱ्यांत २.८ आढळले. काटे, जंत व तापलेली सडक लक्षात घेता मुलांनी अनवाणीच फिरावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कमानीला आधार नसेल तर ती खचतेच, ह्या समजाला ह्या आकड्यांत आधार सापडत नाही.

सुखतळ्याची खरी गरज आहे ती ज्याच्या तळव्याची साक्षच नाहीशी झाली आहे त्याला. कुष्ठरोगाने वा मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला खडा टोचत नाही. एकाच जागी पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबाने जखम होते आणि ती कळतही नाही. १९४६ पासून वेल्लोर येथे काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड व त्यांचे सहकारी ह्यांनी अशा पावलांसाठी मऊ, सच्छिद्र रबराचा सुखतळा व त्याखाली कठीण तळ असलेली पादत्राणे उपयोगात आणली. तसल्या रबराच्या चपला आजही कुष्ठरुग्णांना दिल्या जातात. ते रबर काही महिन्यांत दबून जाते आणि चप्पल बदलावी लागते. ती वेळेवर मिळाली नाही तर जखम पुन्हा उघडते.