‘घार’ची ‘गार’ होऊ नये म्हणून

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात मिल्टन कीन्स येथे राहतो. त्याच्या दोन्ही मुलींना मराठी यावी, म्हणून मी इथून मॉरिशसहून घरच्या घरी मोबाइलवर धडे चित्रित करून पाठवू लागले. मागे स्वच्छ पडदा लावला, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी खुर्ची मांडली, ठेवणीतली साडी नेसले. पहिला धडा पक्ष्यांचा होता. आठ दिवसांनी थोरल्या भाचीने वही दाखवली. सुंदर अक्षरात तिने लिहिले होते, ‘गार आकाशात उडते.’

मी भावाला म्हटले, “अरे, ग आणि घ यांतला फरक पोरीला सांगितला नाहीस का?” तो म्हणाला, “ताई, तूच ‘गार’ म्हणतेस. एकदा ऐकून पाहा. आणि तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.”

ऐकले. त्याचे म्हणणे खरे होते. मी ‘घार’च म्हटले होते, पण भाचीपर्यंत पोचली ती ‘गार’. मधला श्वास वाटेत कुठेतरी हरवला होता.

वाचकहो, आज आपल्यापैकी अनेक जण कॅमेऱ्यापुढे बोलतात. शिक्षक धडे तयार करतात, मंडळांचे कार्यकर्ते गणेशोत्सवाचे निवेदन करतात, आजीआजोबा परदेशातल्या नातवंडांना गोष्टी सांगतात. या सगळ्यांत पैसा आणि लक्ष जाते ते चित्रावर. आवाजाचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही. मराठीच्या बाबतीत हे उलटे चालले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

योगायोग असा की भावाचे गाव याच विद्येचे माहेरघर आहे. १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन यांनी आकाशमार्गे चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे ते पंतप्रधान झाल्यावर मंत्री जेनी ली यांनी ती चिकाटीने तडीस नेली. २३ एप्रिल १९६९ रोजी ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि १९७१च्या जानेवारीत पहिल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण सुरू झाले. तिचे मुख्य ठाणे मिल्टन कीन्समधले वॉल्टन हॉल. आरंभी बीबीसी हे पाठ लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये चित्रित करीत असे. १९८१ साली त्यासाठी वॉल्टन हॉलच्या आवारातच स्टुडिओ उभा राहिला. आपल्यासारखेच बेटावर, जमैकात, जन्मलेले स्टुअर्ट हॉल १९७९ ते १९९७ या काळात तिथे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनही शिकवीत. या विद्यापीठाचे दूरचित्रवाणीवरील पाठ २००६च्या डिसेंबरात थांबले.

हेच वारे आपल्याकडेही आले. १९७१ साली मॉरिशस कॉलेज ऑफ द एअर निघाले. २०१२ साली ते आपल्या मुक्त विद्यापीठात सामील झाले. महाराष्ट्रात नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले.

अशा स्टुडिओत प्राध्यापक एकटा नसतो. कानाला यंत्र लावून बसलेला एक माणूस फक्त आवाज सांभाळतो. चित्राशी त्याला कर्तव्य नसते. घरी मात्र मीच प्राध्यापक, मीच छायाचित्रकार, आणि आवाजवाला कोणीच नाही. शिवाय मिल्टन कीन्सच्या त्या विद्यापीठाने पुढे विद्यार्थ्यांना घरपोच ध्वनिफिती पाठवल्या. विद्यार्थी पुस्तकातली आकृती समोर ठेवी, शिक्षकाचा आवाज कानाशी बोले. हवे तिथे थांबवावे, मागे नेऊन पुन्हा ऐकावे. चित्राशिवाय धडा चालतो. आवाजाशिवाय भाषेचा धडा चालवून दाखवावा कोणी!

आता माझी चूक कुठे झाली ते सांगते. मोबाइल माझ्यापासून दोन मीटरवर होता आणि आवाज मोबाइलच्याच मायक्रोफोनने टिपला होता. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला शिकवले, म्हणून मी मोठ्याने बोलले. पण मायक्रोफोन म्हणजे शेवटचा बाक नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो. एका वितीवरचा मायक्रोफोन दहा वितींवर नेला, तर तोंडातून थेट येणारा आवाज दहावा हिस्सा उरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळ काय, दूर काय, जवळजवळ तेवढाच राहतो. आपल्या घरांचे छप्पर काँक्रीटचे, जमीन फरशीची, भिंती गुळगुळीत. शब्द त्यांवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. वर पंखा चालू. मोठ्याने बोलले की घुमाराही तेवढाच मोठा होतो, आणि यंत्रातून आवाज वाढवला की पंखाही वाढतो. म्हणून उपाय एकच, मायक्रोफोन तोंडाजवळ आणणे. बाकी सारे त्यानंतर.

या घुमाऱ्यात इंग्रजी किंवा फ्रेंच वाक्य कसेबसे तरून जाते. आपल्या भाषेचे तसे नाही. ग आणि घ, द आणि ध, ब आणि भ यांत फरक काय, तर एक लहानसा श्वास. तो सेकंदाच्या दहाव्या भागापुरताही टिकत नाही आणि मुळात हळू असतो. पंख्याची घरघर त्याला सहज गिळते. कधी कधी तर मोबाइलच त्या श्वासाला खरखर समजून पुसून टाकतो. मग ‘धार’ची ‘दार’ होते, ‘भाऊ’चा ‘बाऊ’ होतो. पुण्याच्या मुलाला त्याने फारसे बिघडत नाही. तो हे शब्द दिवसभर घरात, रस्त्यावर ऐकतो. आपली मुले घरी क्रेओल बोलतात आणि क्रेओलमध्ये घ, ध, भ नाहीत. मिल्टन कीन्सच्या माझ्या भाच्यांच्या कानी घरात क्रेओल, बाहेर इंग्रजी. त्यांना ‘घ’ ऐकण्याची आठवड्यातली एकच संधी म्हणजे आत्याचा धडा. तिथेच तो गेला, तर त्यांनी कुठून आणावा?

मायक्रोफोन कोणता घ्यावा, असे मला आता बरेच जण विचारतात. धड्यासाठी मी कपड्याला चिमट्याने लावायचा लहान मायक्रोफोन पसंत करते. आपण फ्रेंचमध्ये त्याला मिक्रो-क्रावात म्हणतो, म्हणजे टायवरचा माइक. तारेचा साधा घेतला तरी काम होते. कॅमेऱ्याच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. मात्र आपल्या मोबाइलच्या भोकात त्याची तार बसते ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. बिनतारीत हिंडण्याची मोकळीक मिळते, पण दोन ठिकाणच्या बॅटऱ्या आठवणीने भराव्या लागतात आणि मी त्या विसरते. तो हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मधोमध लावावा. एका खांद्याकडे लावला आणि आपण दुसरीकडे वळून फळ्यावर लिहू लागलो, की आवाज गेलाच.

पुरुषांना सदऱ्याची पट्टी असते. बायकांनी काय करावे, हे मला कोणी सांगितले नाही. तीन धडे वाया घालवून मी शिकले. पदराला लावला तर पदर सरकला की मायक्रोफोनही सरकतो, आणि खळ दिलेली साडी पानांसारखी सळसळते. मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटले की धड्यात कोणीतरी टिचक्या वाजवीत असल्यासारखे ऐकू येते. मी आता तो ब्लाउजच्या गळ्याला मधोमध लावते, मंगळसूत्र आत घेते, आणि तारेचा एक लहान वेटोळा चिमट्यात अडकवते, म्हणजे तार ओढली गेली तरी धक्का मायक्रोफोनपर्यंत जात नाही. धड्याच्या दिवशी धुऊन मऊ झालेली सुती साडी बरी.

हल्ली पडद्यावर नारळाएवढा काळा मायक्रोफोन तोंडासमोर ठेवून बोलण्याची टूम निघाली आहे. आवाज त्यातून चांगला येतो, हे मान्य. चार बोटांवर, जरासा बाजूला धरावा, म्हणजे प, फ, भ यांच्या फुंकरीने धप्प असा आवाज येत नाही. पण भाषेच्या शिक्षकाने तो तोंडासमोर ठेवू नये. ‘प’ला ओठ मिटतात, ‘फ’ला काय होते, हे मुलाने पाहायचे असते. ओठच झाकायचे, तर कॅमेरा कशाला लावला? लांब नळीसारखा मायक्रोफोनही मिळतो. तो चौकटीबाहेर वरून तोंडाकडे रोखतात. मैदानात तो उत्तम. आपल्या छोट्या काँक्रीटच्या खोलीत घुमारा सगळीकडून येतो, तिथे त्याच्यावर पैसे घालू नयेत.

ज्यांना काहीच विकत घ्यायचे नाही, त्यांनी घरातला दुसरा मोबाइल घ्यावा. तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, तोंडापासून दीड वितीवर, घडी घातलेल्या कपड्यावर ठेवून त्यात नुसता आवाज टिपावा. आरंभी एक टाळी वाजवावी. टाळी दिसते आणि ऐकूही येते, म्हणून नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. बसण्याच्या खोलीपेक्षा झोपण्याची खोली चांगली, कारण गाद्या, उशा आणि पडदे घुमारा शोषून घेतात. मी समोरच्या भिंतीवर, जिथे कॅमेरा पाहू शकत नाही तिथे, आजीची गोधडी टांगते. पंखा बंद. उकाडा होतो, म्हणून धडे दहा मिनिटांचे. आणि आधी अर्धा मिनिट बोलून कानात यंत्र घालून ऐकावे. हे न करता मी एकदा पाऊण तास मायक्रोफोन चालू न करताच शिकवले आहे.

धडा बिघडला तर पुन्हा करता येतो. आपल्या वडीलधाऱ्यांचे तसे नाही. आपल्या सभागृहांतले कार्यक्रम आठवा. झाकरी रंगात आलेली आणि मागच्या रांगेतून दहा मोबाइल वर झालेले. घरी येऊन ऐकावे तर ढोलकी, झांजा आणि शेजारच्या बाईचे बोलणे. गाणाऱ्या काकांचा एक शब्द कळत नाही. ते शब्द दुसरीकडे कुठे लिहिलेले असतील, याची खात्री कोण देईल? मंडळांनी दहा कॅमेऱ्यांऐवजी एक मायक्रोफोन त्या काकांच्या सदऱ्याला लावावा, आणि ढोलकीवाल्याला चार पावले बाजूला बसवावे. तो रागावेल. रागावू द्यावे.

‘घार’ मी पुन्हा चित्रित केली. भाचीने या वेळी बरोबर लिहिली, आणि मागे एक कोंबडा ओरडतो आहे हेही कळवले. पुढच्या रविवारी आमच्या काकी लग्नातली गाणी सांगायला बसणार आहेत. त्यांच्या दोन्ही हातांत डझनभर काचेच्या बांगड्या, आणि गाताना हात थांबत नाहीत. बांगड्या काढा, असे सुवासिनीला म्हणण्याची माझी छाती नाही. मांडीवर जाड टॉवेल घेऊन त्यावर हात ठेवायला त्या कबूल झाल्या आहेत. निदान पहिल्या गाण्यापुरत्या.