उतारवयाची तरतूद

आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने 1886 साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला. त्या काळी मालकावर कायद्याची सक्ती नव्हती. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1952 साली झाला, निवृत्तिवेतनाची योजना 1995 साली आली. आज कायदा आहे. मिल मात्र राहिली नाही.

वाचकहो, आपली मुले आता हिंगण्यास वा बुटीबोरीस कंत्राटदाराच्या हाताखाली कामास जातात. दोन वर्षांत कंत्राटदार बदलतो, आणि मुलगा साठलेली सारी रक्कम काढून मोकळा होतो. घरी लग्न असते, आजारपण असते. त्यास दोष तरी कसा द्यावा? परंतु दहा वर्षांच्या सेवेवाचून मासिक निवृत्तिवेतन मिळत नाही, आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यातील पैसा उचलला की तेवढी सेवा मोजणीतून जाते. असे चारदा घडले, तर आठ वर्षे राबूनही हिशेबी सेवा शून्यच! 2014 साली किमान निवृत्तिवेतन दरमहा 1000 रुपये ठरले. ते तुटपुंजे आहे खरे, पण ज्याची सेवाच मोजली गेली नाही त्यास तेवढेही नाही.

म्हणून नोकरी बदलताना जुने खाते नव्यास जोडून घ्यावे. मध्ये खंड पडल्यास निधीच्या कार्यालयातून ‘स्कीम सर्टिफिकेट’ घ्यावे. कंत्राटदाराने वर्गणी बुडविल्यास ती भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर आहे. पगारातून कपात होऊनही खात्यात रक्कम दिसत नसेल, तर पगारचिठ्ठी जोडून लेखी तक्रार करावी, आणि तिच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याविना कार्यालयाबाहेर पडू नये.